झाकलेल्या डोळ्यापर्यंत किरण किती पोचतात?

स्मरणिकेसाठी सर्वांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी लिहा, असा निरोप चिटणीसांकडून आला, तेव्हा मी प्रथम शिक्षणावर लिहिण्याचे ठरविले होते. शिक्षकाने शिक्षणावर लिहावे, हे रीतीला धरूनच झाले असते. परंतु गेली काही वर्षे एक गोष्ट माझ्या मनाला टोचून आहे. ती या निमित्ताने आपणा सर्वांपुढे मांडावी आणि तिच्यामागचे विज्ञान जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगावे, असे शेवटी वाटले.

बारा वर्षांपूर्वी माझ्या खालांच्या, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीच्या, उजव्या डोळ्याखाली गालावर एक बारीक फोड आला. मलमे झाली, झाडपाला झाला. तो भरून येईना. तपासणीत कर्करोग निघाला. डॉक्टरांनी क्ष-किरणांचा उपचार सांगितला. जागा डोळ्याला अगदी लागून असल्यामुळे डोळ्यावर शिशाची एक लहानशी ढाल ठेवावयाची होती. पहिल्या दिवशी खाला टेबलावर आडव्या होण्यास तयार होईनात. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बेटा, तू शाळेत हेच शिकवतोस ना? खरं सांग, माझ्या डोळ्यात हे किरण जाणार नाहीत ना?" मी मोठ्या विश्वासाने सांगितले, "खाला, शिशातून काही म्हणता काही जात नाही. तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

उपचार पुरा झाला. जखम भरली, रोग गेला. चौथ्या वर्षी मात्र त्यांना उजव्या डोळ्याने धुक्यातून पाहिल्यासारखे दिसू लागले. मोतीबिंदू झाला होता. नेत्रवैद्यांनी सांगितले की, मोतीबिंदू वयानेही होतो. पण हा भिंगाच्या मागच्या बाजूला मध्यभागी आहे आणि उपचार झालेल्याच बाजूच्या डोळ्यात आहे, तेव्हा यात किरणांचाही वाटा असावा. खाला माझ्यावर रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "तू तर काहीच जात नाही म्हणाला होतास."

गोष्ट येथेच संपली असती तर मी ती लिहिली नसती. परंतु "शेक घेतला की डोळा जातो" अशी बोलवा गावात पसरली. पुढे दोन वर्षांनी आमच्याच परिसरातील एका गृहस्थांना गालाच्या हाडातील पोकळीचा रोग झाला. त्यांना उपचारासाठी बाहेरगावी जावयास सांगितले, तेव्हा ते मला म्हणाले, "मास्तर, डोळा घालवून जगण्यात काय अर्थ?" ते गेले नाहीत. रोग वाढत गेला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. एकीकडे मी दिलेला खोटा धीर आणि दुसरीकडे त्यातून जन्मलेली खोटी भीती. या दोहोंच्या मधले जे खरे आहे, तेच या लेखात सांगावयाचे आहे.

शिसे आणि 'जवळजवळ' हा शब्द

विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला वुर्झबर्ग येथे १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लागला. निरनिराळे पदार्थ या किरणांच्या वाटेत ठेवून कोणत्या पदार्थातून ते किती पार होतात, हे त्याने लगेच तपासले. लाकूड, कागद, मांस यांतून ते सहज गेले. दीड मिलिमीटर जाडीचे शिसे मात्र त्यांना जवळजवळ अपारदर्शक आहे, असे त्याने आपल्या पहिल्याच निबंधात नमूद केले. या विधानातील 'जवळजवळ' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. राँटगेनने तो लिहिला होता. खालांशी बोलताना मी तो गाळला.

शिसे किरणांना अडविते याचे कारण असे की, त्याचे अणू जड आणि दाट बसलेले असतात. त्यांतून जाताना किरणांतील बहुतेक कण वाटेतच शोषले जातात. परंतु ही भिंतीसारखी सरळ अडवणूक नव्हे. पाणी गाळताना फडक्याची प्रत्येक घडी थोडा थोडा गाळ धरते, तसा शिशाचा प्रत्येक थर किरणांचा काही हिस्सा धरतो. घड्या वाढविल्या तर पार होणारा भाग घटत जातो, पण हिशेबाने तो पूर्ण शून्य कधीच होत नाही.

शिवाय किरणही सारखे नसतात. कातडीवरील रोगासाठी वापरावयाचे क्ष-किरण सौम्य असतात. त्यांपैकी शंभरांत पाचाहून कमी किरण पार व्हावेत, यासाठी मिलिमीटरचा काही अंश जाडीचे शिसेही पुरते. जरा खोल जाणाऱ्या किरणांसाठी एक ते दोन मिलिमीटर लागते. कोबाल्टच्या यंत्रातून निघणाऱ्या किरणांसाठी मात्र तेवढ्याच अडवणुकीला पाच सेंटिमीटर शिसे लागते, आणि आज मोठ्या रुग्णालयांत असलेल्या रेखीय त्वरक यंत्राच्या सहा दशलक्ष व्होल्टच्या किरणांसाठी साडेसहा सेंटिमीटर. पाच-सहा सेंटिमीटरचा शिशाचा ठोकळा कोणाच्या डोळ्यावर ठेवता येणार नाही, हे उघड आहे. म्हणून अशा यंत्रांत तो ठोकळा रुग्णापासून दूर, यंत्राच्या तोंडाखाली बसवितात. "त्या रुग्णालयात डोळ्यावर झाकण ठेवत होते, येथे ठेवत नाहीत," अशी तक्रार करण्यापूर्वी हा फरक समजून घ्यावा.

छत्रीखालचा माणूस

वर्गात मुलांना मी पावसाचे उदाहरण देतो. श्रावणात पैनगंगेच्या काठाने आपण छत्री घेऊन चाललो आहोत असे समजा. छत्री असूनही आपण भिजतो. का भिजतो? तीन कारणांनी. छत्रीचे कापड जुने असेल तर त्यातून थोडे पाणी झिरपते. वारा सुटला की झड बाजूने आत येते. आणि आजूबाजूच्या जमिनीवर पडलेल्या सरींचे शिंतोडे खालून उडतात. डोके कोरडे राहते, धोतराचा काठ भिजतो.

झाकलेल्या डोळ्याचेही असेच आहे. ढालीतून पार होणारे किरण हे झिरपणारे पाणी. यंत्राच्या कवचातून आणि ढालीच्या कडेने तिरपे येणारे किरण ही झड. आणि सर्वांत महत्त्वाचे ते शिंतोडे. किरण गालावर, नाकावर, कपाळावर पडतात, तेथील पेशींवर आपटतात आणि दिशा बदलून चहूकडे पसरतात. त्यांतील काही शरीराच्या आतूनच, ढालीच्या खालून, डोळ्यात शिरतात. ढाल कितीही जाड केली तरी हे शिंतोडे थांबत नाहीत, कारण ते ढालीवरून येतच नाहीत. उपचाराची जागा जितकी मोठी आणि डोळ्याला जितकी जवळ, तितके ते अधिक. कित्येकदा ढालीतून पार झालेल्या किरणांपेक्षा या पसरलेल्या किरणांचाच वाटा मोठा असतो.

यावरून असे दिसून येईल की, ढाल उपयोगाची आहे, फार उपयोगाची आहे. परंतु ढाल म्हणजे शून्य नव्हे. पावसात छत्री नको असे कोणी म्हणत नाही, आणि छत्री घेतली म्हणजे पाऊसच पडत नाही असेही कोणी म्हणत नाही.

डोळ्याचे भिंग एवढे नाजूक का?

येथे कोणी विचारील की, शंभरांत पाच एवढ्या थोड्या किरणांनी काय बिघडते? याचे उत्तर डोळ्याच्या भिंगाच्या रचनेत आहे.

डोळ्याची बाहुली म्हणून आपण जे काळे वर्तुळ पाहतो, त्याच्या मागे काचेसारखे स्वच्छ भिंग असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर ते पारदर्शक राहिलेच नसते. त्याच्या पुढच्या पृष्ठभागावर पेशींचा एक थर असतो. या थराच्या कडेला जन्मभर नव्या पेशी तयार होतात, लांब होऊन तंतू बनतात आणि कांद्याच्या पाकळ्यांसारख्या एकावर एक बसत जातात. किरणांचा मारा विभागणाऱ्या पेशींवर अधिक होतो. त्यामुळे कडेच्या या पेशी बिघडल्या की त्यांचे तंतू नीट बनत नाहीत. अशा अर्धवट पेशी हळूहळू सरकत भिंगाच्या मागच्या बाजूला, मध्यभागी येऊन साठतात. कातडीची खराब पेशी गळून पडते, रक्ताची खराब पेशी वाहून जाते. भिंगातील पेशीला मात्र बाहेर जाण्यास वाटच नाही. तिचा डाग तेथेच राहतो. हाच किरणांचा मोतीबिंदू. तो दिसण्यास काही महिने लागतात किंवा कित्येक वर्षेही लागतात. मात्रा जितकी मोठी तितका तो लवकर.

किती मात्रेने तो होतो, याचा पहिला पद्धतशीर अभ्यास न्यूयॉर्क येथे मेरियम आणि फोख्ट यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. उपचारात ज्यांच्या डोळ्यांना किरण लागले होते, अशा रुग्णांचे डोळे त्यांनी तपासले. एकाच वेळी सुमारे २०० राँटगेन एवढी मात्रा भिंगाला मिळाली तर मोतीबिंदू होऊ शकतो. तीच मात्रा तीन आठवडे ते तीन महिने अशी विभागून दिली तर सुमारे ४०० राँटगेनपर्यंत भिंग तग धरते, आणि त्याहून अधिक काळ लावला तर सुमारे ५५० पर्यंत, असे त्यांना आढळले. विभागून दिल्याने पेशींना मधल्या वेळात सावरता येते, हा यातील मुख्य धडा. आजच्या मापात २०० राँटगेन म्हणजे साधारण दोन ग्रे. पुढे अणुबाँब, अपघात आणि रुग्णालयांतील कर्मचारी यांच्या डोळ्यांचे अभ्यास झाले, तेव्हा हा आकडा फार उदार आहे असे दिसून आले. किरणांपासून संरक्षण करण्याविषयी जगाला सल्ला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ साली धोक्याची पायरी अर्ध्या ग्रेवर आणली, आणि किरणांशी काम करणाऱ्यांच्या भिंगासाठी वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट ही जुनी मर्यादा उतरवून पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० केली.

आता आपण शाळेतल्यासारखा हिशेब करू. कर्करोग बरा करण्यासाठी गाठीला साधारण ६० ग्रे मात्रा द्यावी लागते, असे धरू. ती रोज २ ग्रे अशी ३० दिवसांत विभागली जाते. ढालीखाली यातील शंभरांत पाच भाग पोचले, तर रोज एक दशांश ग्रे होतात. रोजचा आकडा अगदी क्षुल्लक वाटतो. परंतु ३० दिवसांची बेरीज ३ ग्रे होते! अर्ध्या ग्रेच्या पायरीहून ती सहापट आहे. ढाल नसती तर भिंगाला साठाच्या जवळपास मात्रा मिळाली असती आणि भिंगच काय, दृष्टिपटल आणि दृष्टीची नसही धोक्यात आली असती. कारण त्यांची सहनशक्ती साधारण ४५ ते ५५ ग्रेच्या आसपास संपते. म्हणजे ढालीने डोळा वाचविला. भिंगाला मात्र पूर्ण वाचविले नाही. खालांचे नेमके हेच झाले.

अंदाज नव्हे, मोजमाप

मग डोळ्यापर्यंत किती पोचले, हे कळावयाचे कसे? येथे आपल्याच देशात, आणि विशेषतः मुंबईत, झालेले काम सांगण्यासारखे आहे.

टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ च्या २८ फेब्रुवारीस मुंबईत सुरू झाले. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांच्या नावाच्या ट्रस्टने ते उभारले. एका धर्मादाय ट्रस्टच्या हातून केवढे काम होऊ शकते, याचा हा दाखलाच होय. तेथे आरंभीच डॉक्टरांच्या जोडीला एक पदार्थवैज्ञानिक होते, डॉ. रामय्या नायडू. भारतातील पहिले वैद्यकीय पदार्थवैज्ञानिक म्हणून त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. किरण किती द्यावयाचे हे डॉक्टर ठरवितात. ठरविलेले तितकेच आणि त्याच जागी पडतात की नाही, हे मोजण्याचे काम पदार्थवैज्ञानिकाचे. रुग्णाच्या नातेवाइकांना हा माणूस बहुधा भेटतच नाही, परंतु त्याच्यावाचून हा उपचार चालत नाही. हे रुग्णालय १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे आले, आणि जवळच तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात किरण मोजण्याची शास्त्रे वाढली.

त्यांतील एक युक्ती मला फार आवडते. काही क्षारांचे कण असे असतात की, त्यांच्यावर किरण पडले म्हणजे ते ती शक्ती स्वतःत साठवून ठेवतात. पुढे त्यांना तापविले की ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. जितके किरण तितका प्रकाश. कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम हे मूलद्रव्य किंचित मिसळून केलेल्या अशा चकत्या तुर्भ्याच्या केंद्राने विकसित केल्या. क्ष-किरण विभागातील कर्मचारी छातीवर जो लहान बिल्ला लावतात, त्यात १९७५ च्या सुमारापासून याच चकत्या असतात. याच तत्त्वावरील चिमुकल्या चकत्या किंवा कांड्या रुग्णाच्या पापणीवर, ढालीखाली ठेवता येतात. उपचार झाला की त्या तापवून प्रकाश मोजावयाचा, आणि डोळ्याजवळ किती मात्रा पोचली हे आकड्यात कळते. "शिशातून काही जात नाही" असे म्हणण्याची गरजच उरत नाही. किती जाते ते मोजून सांगता येते.

ढाल केव्हा ठेवीत नाहीत?

काही वेळा डॉक्टर जाणूनबुजून डोळा पूर्ण झाकीत नाहीत. गालाच्या हाडातील पोकळीचा किंवा नाकाच्या आतील रोग कधी डोळ्याच्या खोबणीपर्यंत गेलेला असतो. अशा वेळी ढाल ठेवली तर तिच्या सावलीत रोगालाही आसरा मिळतो. तेथे वाचलेल्या थोड्या पेशींतून रोग पुन्हा उठतो, आणि मग डोळाही जातो व माणूसही. म्हणून किती झाकावयाचे आणि किती उघडे ठेवावयाचे, हा निर्णय रोगाची व्याप्ती पाहूनच होतो. आता चित्रण यंत्रावर डोक्याचे आडवे छेद घेऊन, संगणकावर भिंग, नस, दृष्टिपटल यांची बाह्यरेषा काढून प्रत्येकाला किती मात्रा जाईल हे उपचाराआधीच पाहतात, आणि किरणांचा झोत त्या आकाराने कापून देतात. त्यामुळे झड आणि शिंतोडे पुष्कळ कमी झाले आहेत. तरीही ते शून्य झालेले नाहीत.

रुग्णाने व घरच्यांनी काय करावे?

भीमपूर आणि आसपासच्या गावांतील माणसे या उपचारासाठी नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात किंवा हैदराबादला १९५५ साली सुरू झालेल्या मेहदी नवाज जंग रुग्णालयात जाऊ शकतात. कोठेही जा, पुढील गोष्टी लक्षात असू द्या.

पहिली गोष्ट, उपचारापूर्वी एकदा नेत्रवैद्याकडून दोन्ही डोळे तपासून घ्यावेत आणि तो कागद जपून ठेवावा. आधी मोतीबिंदू होता की नव्हता, हे पुढे त्यावरूनच कळते.

दुसरी, डॉक्टरांना विचारण्यास संकोच करू नये. माझ्या डोळ्याला अंदाजे किती मात्रा जाईल? ढाल ठेवणार का, नसेल तर का नाही? आपण हे विचारले म्हणून कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही.

तिसरी, यंत्राखाली अजिबात हलू नये. मान दोन बोटे फिरली तर ढालीची सावलीही डोळ्यावरून सरकते. काही उपचारांत "डोळा उघडा ठेवा, वर पाहा" असे सांगतात. तेव्हा भीतीने डोळा मिटू नये. ते सांगण्यामागे कारण असते.

चौथी, पापणीच्या रोगात ढाल कधी पापणीच्या आत बसवितात. त्यासाठी औषधाचे थेंब घालून डोळा बधिर करतात. ढाल काढल्यावर डोळा काही वेळ बधिरच असतो. तेव्हा तो चोळू नये, आणि पट्टी सांगितली असेल तितका वेळ ठेवावी.

पाचवी, उपचार संपला म्हणजे सर्व संपले असे समजू नये. दरवर्षी डोळे तपासावेत. डोळा सारखा कोरडा पडणे, चुरचुरणे, दिव्याभोवती कडे दिसणे, समोरचे धुरकट दिसणे यांपैकी काही झाले तर लगेच जावे. लहान मुलांच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी, कारण त्यांच्या भिंगातील पेशी वेगाने वाढत असतात आणि त्यांच्यापुढे सारे आयुष्य असते.

शेवटचे दोन शब्द

किरणांनी झालेला मोतीबिंदू हा मोतीबिंदूच आहे. तो शस्त्रक्रियेने काढता येतो आणि त्या जागी कृत्रिम भिंग बसविता येते. भिंगामागचे दृष्टिपटल आणि नस शाबूत असली, आणि ढाल ठेवावयाची ती मुख्यतः त्यांच्यासाठीच, तर दृष्टी पुन्हा येते. वाढलेल्या कर्करोगाला मात्र अशी दुसरी संधी नसते. तराजूच्या एका पारड्यात दुरुस्त होणारा डोळा आणि दुसऱ्यात न परतणारा जीव आहे. त्या गृहस्थांना मी हे वेळेवर आणि नीट सांगू शकलो नाही, याची खंत मला आहे.

खालांची शस्त्रक्रिया झाली. त्या आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत आणि सुईत दोरा स्वतः ओवतात. मागच्या वर्षी शेजारच्या एका बाईंना हाच उपचार सांगितला, तेव्हा त्या घाबरून खालांकडे आल्या. मीही तेथे होतो. त्यांनी विचारले, "डोळ्याला काही होणार नाही ना?" मी तोंड उघडण्यापूर्वीच खाला म्हणाल्या, "थोडंसं होऊ शकतं. मला झालं. पण बघ, मी तुला बघतेय ना? तू जा."

त्या बाई गेल्या. मी बी.एड.च्या वर्गात शिकलो त्याहून अधिक चांगला पाठ त्या दिवशी माझ्या खालांनी घेतला, हे येथे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो.